ठराव होईपर्यंत कळवू नये

॥ श्री ॥
खडकवाडी, जि. सातारा
८ मार्च १९७४

ती. सयाजीदादास राहीचा नमस्कार.

पत्रास कारण की, हे घरी नाहीत. सोमवारी तालुक्याला पंचायत समितीची मीटिंग आहे म्हणून गेले ते अजून आलेले नाहीत. जाताना पिशवीत दोन धोतरं घातली. मीटिंगला दोन धोतरं कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "सांडलं बिंडलं तर." इतक्या वर्षांच्या संसारात सांडलं म्हणून या माणसानं कधी धोतर बदललेलं मी पाहिलं नाही. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती, पण मेंढरं सोडायची वेळ झालेली, मी तिकडं गेले.

तुला इथलं ठाऊकच आहे. आप्पासोंच्या पाठिंब्यावर हे समितीवर निवडून गेले आणि आप्पासो सभापती झाले. आता नानासोंनी आप्पासोंवर अविश्वासाचा ठराव आणलाय. दोघंही एकाच पक्षाचे. दोघांच्या जीपवर एकच झेंडा, दोघांच्या बैठकीत एकच फोटो. कोण कुणाचा हे आम्ही जीपच्या रंगावरून ओळखतो. आप्पासोंची हिरवी, नानासोंची पांढरी. आमचा मेंढक्या गुंडा तालुक्याच्या बाजारात होता. तो सांगत आला, "वयनी, मालक पांढऱ्या जीपमधी बसल्यालं बगितलं म्या. पर आपल्या पायानं बसलं का बशिवलं, ते काय दिसलं न्हाई."

हे ऐकल्यापासून एकच गोष्ट मनात येते. चार वर्षांमागं असाच ठराव आला तेव्हा पलीकडच्या वाडीचा सदस्य विहिरीत सापडला होता. पोहायला गेला आणि पाय घसरला म्हणाले सगळे. उन्हाळ्यात, कोरड्या विहिरीत.

नानासोंचं तुझ्याकडं विट्याला येणं-जाणं असतं म्हणून तुला लिहिते. काही कळलं तर ताबडतोब कळव. आत्याबाई लेकाच्या काळजीनं सारख्या "नाथा आला का?" विचारतात. मी "येतील" म्हणते. मुली बऱ्या आहेत. वैनींना नमस्कार.

तुझी राही

॥ श्री ॥
विटा, जि. सांगली
१३ मार्च १९७४

चि. सौ. राहीस सयाजीचा आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू लहानपणापासून अशीच. आभाळात ढग दिसला की हिची शेळी बुडाली. अगं, राजकारणातला माणूस आहे. चार दिवस इकडं, चार दिवस तिकडं. नानासोंनी सगळ्या सदस्यांना देवदर्शनाला नेलंय असं मी ऐकलं. कुठल्या देवाला ते ठाऊक नाही. मोठी माणसं मोठ्या देवाला जाणार, आपण कशाला चौकशी करा.

विहिरीचं वगैरे मनात आणू नकोस. दाजींना खायला-प्यायला चांगलं असेल, झोपायला गादी असेल. दाढेचं दुखणंही आता थांबलंय. तू आत्याबाईंना सांभाळ, मुलींना सांभाळ आणि कुणी काही विचारलं तर मला माहीत नाही म्हण. तुला माहीत नाहीच आहे, तेव्हा खोटं बोलायचाही प्रश्न नाही.

दुकानाचं बरं आहे. तिकडं सोनं गाळायची भट्टी कोंडीबा बघतो, मी एप्रिल संपेपर्यंत गावीच आहे. तुझ्या वैनीचा, शालूचा, आशीर्वाद.

सयाजी

॥ श्री ॥
खडकवाडी
१७ मार्च १९७४

ती. दादास नमस्कार.

दादा, हे घरातून गेले तेव्हा त्यांची दाढ दुखत नव्हती. शेंगा फोडून खात गेले. मग दाढ दुखायला कधी लागली आणि थांबली कधी, आणि तुला विट्यात बसून कशी कळली?

मी पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, कारण तुला कधीच काही लपवता आलेलं नाही. मग रडू आलं, हे जिवंत आहेत म्हणून. आणि मग तुझा इतका राग आला की पत्र चुलीत घालणार होते. माझा भाऊ माझ्याच नवऱ्याला लपवून ठेवतो आणि मला देवदर्शनाच्या गोष्टी सांगतो.

इथं काय चाललंय ते तुला सांगते. हिरवी जीप आमच्या वस्तीच्या तोंडाशी लिंबाखाली उभी असते. आत दोघं. काही करत नाहीत, बोलत नाहीत. मी पाण्याला निघाले की एकजण उतरतो आणि विहिरीपर्यंत मागून येतो. परवा आमचा कुत्रा मोत्या मेला. तोंडाला फेस होता. गुंडा म्हणतो साप चावला. मी हो म्हणाले. काय म्हणणार?

ह्यांचा चुलत भाऊ केरबा आप्पासोंचा माणूस आहे, तुला माहीत आहे. तो समोरच राहतो. पूर्वी पोरींना खाऊ आणायचा, आता दारावरून जाताना मान वळवून जातो. सगळी वस्ती अशीच झालीय.

आणि सगळ्यात वाईट आत्याबाईंचं. निवडणुकीच्या वेळी ह्यांनी बिरोबाच्या देवळात आप्पासोंसाठी भंडारा उचलला होता. तळहातावर हळद घेऊन देवासमोर सांगितलं होतं, तुमच्या विरुद्ध जाणार नाही. आत्याबाई तेव्हा शेजारी उभ्या होत्या. पांढऱ्या जीपचं कानावर आल्यापासून त्यांनी भाकरी सोडलीय. म्हणतात, "भंडारा मोडल्याव देव एक जीव घेतूया. त्येचा न्हाई घ्यायचा. माजा घे म्हणून सांगतीया म्या." कपभर ताक घेतात, बाकी काही नाही. हे कुठं आहेत तेवढं सांग. त्यांना एकदा आईला तोंड दाखवू दे.

तुझी राही

विटा
२१ मार्च १९७४

चि. राहीस आशीर्वाद.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुमच्या भागात फिरणारी मनुबाई बांगडीवाली आमच्या गल्लीत राहते. ती भरवशाची आहे. यापुढं तूही तिच्याकडंच दे. वाचून झालं की जाळ.

दाढेच्या बाबतीत तू मला धरलंस. बरं, ऐक. दाजी सेलमला आहेत, तमिळ मुलखात, आपल्या गलाईच्या दुकानाच्या माडीवर. खाली कोंडीबा सोनं गाळतो, वर समितीचे चारजण बसून पत्ते खेळतात. बाकीचे दुसऱ्या गावांत, आपल्याच विट्याकडच्या लोकांच्या दुकानांत. नानासोंनी हे बरोबर हेरलं. महाबळेश्वरला ठेवलं असतं तर आप्पासोंनी तासाभरात शोधलं असतं. सेलममधल्या सोनाराच्या गल्लीत कोण शोधायला जाणार? दाजींना कुणी बसवलं नाही, ते आपल्या पायानं जीपमध्ये चढले. ठराव झाला की नवा सभापती कोण, याचं नानासोंनी त्यांना कबूल केलंय. तुझा नवरा सभापती होणार, राही.

तुला सांगितलं नाही कारण तुला कळलं की तुझ्या तोंडावर दिसणार. ठराव १२ एप्रिलला आहे. दोन तृतीयांश मतं लागतात आणि नानासोंकडं नेमकी तेवढीच आहेत. एक जरी निसटला तरी ठराव पडला, आणि मग आप्पासो एकेकाला बघून घेणार. तेव्हा आत्याबाईंनाही सांगू नकोस. म्हातारं माणूस, चार बायकांत बोलून जाईल. तोवर तेवढं सोस.

मला दोष देऊ नकोस. नानासोंनी मागितलं, मी नाही म्हणू शकलो नाही. आता त्यांचा एक माणूस माझ्याही ओसरीवर झोपतो. सोबतीला, म्हणे. मी बाहेर गेलो की तोही बाहेर येतो. तुझ्याकडं हिरवी, माझ्याकडं पांढरी, एवढाच फरक.

सयाजी

॥ श्री ॥
खडकवाडी
२७ मार्च १९७४

तीर्थस्वरूप बंधू सयाजीराव यांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

इकडे आमच्या सासूबाई बनुबाई अत्यवस्थ असून डॉक्टरांनी आशा सोडली आहे. त्यांचा जीव मुलामध्ये अडकला आहे. तरी हे जेथे असतील तेथून त्यांना विनाविलंब घरी पाठवून द्यावे. एस.टी. स्टँडवर उतरल्यावर पुढील व्यवस्था होईल. उशीर केल्यास तोंड दिसणार नाही.

आपली नम्र भगिनी,
राहीबाई

खडकवाडी
२८ मार्च १९७४

दादा,

काल पोस्टानं पाठवलेलं पत्र खोटं. हे मनुबाईबरोबर पाठवतेय, ते मिळायच्या आधी हेच तुला मिळो.

आप्पासोंचे दोघं आणि केरबा ओसरीवर येऊन बसले. एकानं कार्ड काढलं, पेन काढला आणि म्हणाला, "ताई, आमी सांगतू तसं लिवा. भावाला कळंल कुणाला कळवायचं त्ये." मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. तर केरबा खाली बघून म्हणाला, "येतंय. सातवी पास हाय ती." दादा, लग्नात याच केरबानं "आमची वयनी शिकल्याली हाय" म्हणून वस्तीभर मिरवलं होतं.

मुली आतल्या खोलीत होत्या. त्या माणसानं दोघींची नावं विचारली. शाळेला कुठल्या वाटेनं जातात तेही विचारलं. मग मी लिहिलं. तो सांगत होता तसंच, एक अक्षर न बदलता. "अत्यवस्थ" मी कधी आयुष्यात लिहिलं नव्हतं. "स्टँडवर उतरल्यावर पुढील व्यवस्था होईल" हे लिहिताना मी थांबले, तर त्यानं वरून कार्ड धरलं.

पण आत्याबाई जाग्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. ते गेल्यावर मला जवळ बोलावलं. वाटलं, रागावतील. तर म्हणाल्या, "बरं झालं लिवलंस. आता देवाला बी कळलं आसंल माजी बारी हाय म्हणून." जिवंत माणसाचं मरण मी माझ्या हातानं लिहिलं, दादा. मला त्याची फार भीती वाटते. मग तू नको म्हणाला होतास तरी मी त्यांना कानात सांगितलं, ते जिवंत आहेत, लांबच्या गावी आहेत, तुझ्याच दुकानात आहेत. त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी समजूत काढतेय.

तेव्हा तू ते पत्र ह्यांना दाखवू नकोस. पण ते पत्र खोटं असलं तरी आत्याबाई खरंच काही खात नाहीत हेही लक्षात ठेव. दोन्ही खरं आहे.

राही

विटा
१ एप्रिल १९७४

चि. राहीस आशीर्वाद.

मनुबाई आधी आली, पोस्ट मागून आलं. पण तुझं ते सरकारी मराठी वाचल्यावर कुणी सांगायची गरजच नव्हती. "नम्र भगिनी." तू आणि नम्र.

कार्ड नानासोंच्या माणसानं माझ्या हातातूनच घेतलं. ते नानासोंपर्यंत गेलं. त्यांचा निरोप आलाय की ठराव होईपर्यंत सदस्यांच्या घरचं कुठलंही पत्र, कसलाही निरोप खरा मानू नये आणि कुणालाही कळवू नये. आजाराचा असो, मरणाचा असो. चार वर्षांमागच्या ठरावाच्या वेळी एका सदस्याला असंच "बायकोला पेटके आले" म्हणून बोलावून घेतलं होतं, तो घाटाखाली उतरला नाही तोच उचलला. तेव्हा नानासोंचंही चुकत नाही.

मुलींना शाळेत पाठवू नकोस. आत्याबाईंना पेज दे, गोड बोलून दे. आता थोडे दिवस उरलेत. बारा तारखेला दाजी गुलालात न्हाऊन येतील आणि हिरवी जीप लिंबाखालून निघून जाईल. मग तू मला हवं तेवढं बोल.

सयाजी

खडकवाडी
६ एप्रिल १९७४

दादा,

पत्राचा कोपरा फाडलाय. वर श्री लिहिलेलं नाही. वाचून फाडून टाक, घरात ठेवू नकोस.

आत्याबाई काल सकाळी गेल्या. मी ताक घेऊन गेले तर भिंतीकडं तोंड करून निजलेल्या. हात लावला तर गार होता. मी ओरडले नाही. ओरडलं की जीपमधले येतील, असं आधी मनात आलं. बघ, माझी काय दशा झालीय.

वस्ती जमली. बायकांनी पाणी तापवलं, न्हाऊ घातलं, लुगडं नेसवलं. तिरडी बांधली. आणि मग उचलायची वेळ आली तेव्हा केरबा पुढं झाला आणि म्हणाला, "पोटचा पोरगा आल्याबिगर मढं उचलायचं न्हाई. आपल्यात तशी रीत न्हाई." त्याच्या मागं ते दोघं उभे होते. रीत कुणाची आणि बोलतंय कोण, हे सगळ्यांना कळत होतं. तरी निरोप गेलाय, तो येईल, वाट बघू, असं म्हणून सगळे सावलीला जाऊन बसले.

ऊन तू जाणतोस. दुपार झाली. मी लिंबाचा पाला आणून अंगावर घातला, ओलं फडकं घातलं. माश्या हाकलत बसले. दिवस कलायला लागला तसा वास यायला लागला. आत्याबाईंची बहीण रंगुबाई आजी माझ्याजवळ बसलेली. ती म्हणाली, "राही, हे तुज्या नवऱ्याला धरायला आमिष लावलंय गं." तेव्हा मला काय झालं कळलं नाही. मी उठले, पदर खोचला आणि तिरडीची पुढची बाजू उचलायला वाकले. बाईनं खांदा द्यायची रीत नाही, हे मला माहीत आहे. पण मग गुंडा आला आणि दुसऱ्या बाजूला वाकला. मग आणखी एक आला. त्या दोघा माणसांनी काही केलं नाही. त्यांनाही वास येत होता.

आणि दादा, मडकं कुणी धरलं सांगू? केरबानं. नदीपर्यंत मागं मागं आला आणि तिथं येऊन माझ्या हातातून घेतलं. "काकीनं मला पाजलंय लहानपनी," एवढंच म्हणाला आणि पोरासारखा रडला. अग्नी त्यानं दिला.

आता त्यांना कळव. हे पत्र मी माझ्या मनानं लिहितेय, समोर कुणी बसलेलं नाही. माती झाली, आता धरायलाही कुणाला काही उरलेलं नाही. दहाव्याला तरी मुलगा हवा.

राही

विटा
१० एप्रिल १९७४

चि. राही,

तुझं पत्र परवा मिळालं. कसं लिहू कळत नाही.

मी दाजींना कळवलं नाही. मला वाटलं, हेही आप्पासोंच्या माणसांनीच लिहवून घेतलं असेल. कोपरा फाडायला काय, त्यांनाही येतं. नानासोंचा हुकूम होताच. आज तुमच्याकडचा एक मेंढकरू लोकर घेऊन बाजारात आला, त्यानं सांगितलं तेव्हा खरं कळलं. पण आता ते सगळे सेलमहून निघालेत. वाटेत निरोप कुठं गाठायचा?

चूक माझी आहे. दाजींना यातलं काही ठाऊक नाही. ते घरी येतील तेव्हाच त्यांना कळेल. त्या वेळी त्यांना दोष देऊ नकोस, जे बोलायचं ते मला बोल. आत्याबाईंच्या हातचं मी जेवलोय. मला क्षमा कर म्हणायचंही तोंड नाही.

सयाजी

खडकवाडी
१६ एप्रिल १९७४

दादा,

ठराव पास झाला हे तुला कळलंच असेल. आप्पासो पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे आले.

आधी हलगी ऐकू आली. मग धूळ दिसली, मग पांढऱ्या दोन जीपा. पुढच्या जीपमध्ये हे उभे, अंगभर गुलाल, डोक्याला मोठा गुलाबी फेटा, गळ्यात हार. सुतकातलं घर. दारात आम्ही बायका खाली बसलेलो. हलगी वाजवणाऱ्यानं आमच्याकडं बघितलं आणि त्याचा हात थांबला. बाकीच्यांनी तरी घोषणा दिल्या, थोडा वेळ.

हे उतरले. रंगुबाई आजीनं गळा काढला, "नाथा, आई गेली रं." त्यांनी हंबरडा फोडला. "मला कुणी सांगितलं न्हाई. मला कुणी कळिवलं न्हाई," असं म्हणत उंबऱ्यावर पडले. मलाही रडू फुटलं. तुझ्यावर एवढी चिडलेली मी, पण त्या वेळी त्यांची कीव आली आणि वाटलं, माझ्या भावानं या माणसाचं केवढं नुकसान केलं. मी त्यांना धरायला पुढं झाले. फेटा उंबऱ्याला लागून निघाला.

दादा, त्यांचं डोकं भादरलेलं होतं.

त्या दिवशीचं नाही. खुंट वर आलेले होते, चार-पाच दिवसांचे. मिशीही नव्हती. गुलालाखाली आधी लक्षात आलं नव्हतं. पोरगा आई गेल्यावर करतो ते सगळं करून, वर फेटा बांधून ते आले होते.

रंगुबाई आजीनं बघितलं. पटकन आपला पदर त्यांच्या डोक्यावर टाकला आणि मोठ्यानं रडायला लागली. केरबा माझ्या मागं होता. त्यानंही बघितलं. आठवडाभर त्यानंच सगळं केलं होतं, रोज नदीवर गेला होता. त्यानं पायात वहाणा घातल्या आणि घरी गेला.

हे अजून "मला कळलं न्हाई" हेच सगळ्यांना सांगतात. मी ऐकते. आता तू मला खरं सांग. मला खोटं लिहून तुझ्याच माथ्यावर दोष का घेतलास?

राही

विटा
२० एप्रिल १९७४

राही,

आत्याबाई गेल्याचं तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी, आठ तारखेला, मी पोस्टात जाऊन सेलमला ट्रंक कॉल लावला. नानासोंचा माणूस बाहेर उभा होता, तरी लावला. दुपारी लागला. दाजी स्वतः बोलले. मी म्हटलं, दाजी, आत्याबाई गेल्या, हे खरं आहे, मी राहीचं अक्षर ओळखतो, तुम्ही लगेच निघा, आणायला मी स्वतः येतो. ते म्हणाले, "माती झाली न्हवं? मग आता जाऊन काय करू, सयाजी? चार दिवसांवर आलंय सगळं. राहीला सांगा, मला कळलंच न्हाई म्हणून." कोंडीबा नंतर म्हणाला, त्यांनी न्हाव्याला माडीवर बोलावून घेतलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

मी तेच लिहिलं जे त्यांनी सांगितलं. फक्त दोष माझ्याकडं घेतला. तुला जन्म त्यांच्याबरोबर काढायचाय. माझ्यावर रागावलीस तर दिवाळीपर्यंत रागावशील, त्यांच्यावर रागावून तू कुठं जाशील? एवढाच विचार केला. चूक की बरोबर, ते तू ठरव.

सयाजी

खडकवाडी
२९ एप्रिल १९७४

ती. दादास राहीचा नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि जाळलं. तुझ्यावर राग नाही. तेवढं तू मनातून काढून टाक.

मी त्यांना काही विचारलं नाही. विचारलं तर ते उत्तर देतील, आणि ते चांगलं उत्तर असेल, याची मला भीती वाटते. आता त्यांना बोलायला फार छान येतं. सुतक फिटलं त्याच दिवशी हिरवी जीप दारात आली. मी मुलींना आत ओढलं. तर आप्पासो स्वतः उतरले, आणि त्यांच्यापाठोपाठ नानासो. एकाच जीपमधून. घोंगडीवर बसले, आत्याबाईंसाठी हळहळले, चहा प्याले. आप्पासोंच्या पुतण्याला उपसभापती करायचं असं तिथंच ठरलं. हे मध्ये बसून हसत होते. चहा मीच दिला. मोत्याला विष कुणी घातलं, मुलींची वाट कुणी विचारली, हे सगळं त्या चहाबरोबर पिऊन झालं. महिनाभर मी भीत होते की हे परत येतील का. आता ते जेवायला बसतात आणि भाकरी वाढून मी लगेच बाहेर जाते.

नव्या सभापतीच्या निवडणुकीला अजून चार दिवस आहेत. आता आप्पासोंच्या गटातलेच काही नाराज झालेत आणि त्यांनी तिसराच उमेदवार उभा केलाय. म्हणून ह्यांनी दोन सदस्य आणून आमच्या मेंढरांच्या वाड्यातल्या खोपीत ठेवलेत. मला म्हणाले, दोन माणसांचं जास्तीचं कर आणि तोंड बंद ठेव. एकजण गप्प असतो. दुसरा अर्जुना म्हणून आहे, बिचारा गरीब. काल भाकरी घेऊन गेले तर मलाच विचारतो, "वयनी, आज तारीक काय हाय?" त्याच्या बायकोचे, बयाबाईचे, दिवस भरत आलेत. हा घरातून तालुक्याला मीटिंगला जातो म्हणून निघाला. तिला काही ठाऊक नाही. मी विचारलं, निरोप नाही पाठवला? तर म्हणाला, "सभापतींनी सांगितलंय, ठराव हुईपर्यंत कळवायचं न्हाई." ठराव कसला, निवडणूक आहे, आणि हे अजून सभापती झालेलेही नाहीत. पण शब्द तेच.

आज मनुबाई आली होती. मी आधीच कार्ड लिहून ठेवलं होतं. बयाबाई, तुमचे मालक सुखरूप आहेत, खडकवाडीला आहेत, जेवतात, झोपतात. तुमचं काही जास्त-कमी झालं तर याच बाईबरोबर मला कळवा, मी त्यांना स्वतः आणून सोडते. खाली माझं नाव लिहिलं. हे आप्पासोंच्या नाराज माणसांच्या हाती लागलं तर अर्जुना हातचा जाईल आणि ह्यांची खुर्ची जाईल. आणि मग हे माझं काय करतील, ते मला माहीत नाही. पूर्वी मला माहीत असायचं.

मनुबाईनं कार्ड टोपलीत बांगड्यांखाली ठेवलं आणि निघाली. ती वळणापलीकडं जाईपर्यंत मी दारात उभी होते. हे कधी मागं येऊन उभे राहिले, मला कळलं नाही.

"काय दिलंस गं तिच्याकडं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "बांगड्यांचं माप."

तुझी राही